नारू आणि जाळीचं झंपर

आजारातून उठलेल्या माणसानं देवाचे आभार मानावेत, असं सगळे सांगतात. मी मानले. सोमवार धरले, अभिषेक केला, शेजारीपाजारी गूळ-खोबरं वाटलं. एवढं करूनही जो राग उरला आहे त्याचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून लिहायला बसले.

मला नारू झाला होता. ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना हा शब्द ठाऊक नसेल. अंगावर फोड येतो, त्याची आग आग होते, तो फुटतो आणि त्यातून एक किडा बाहेर येऊ लागतो. पांढरा, सुतासारखा बारीक आणि हातभर लांब. त्याला काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा असतो. घाईनं ओढला तर तुटतो, आणि तुटला की उरलेला आत सडतो. आजाराची माहिती म्हणून एवढं पुरे.

जिला आज नारू निघाला आहे आणि जिला घरचे म्हणताहेत, "उन्हाळ्याचंच हाय, हुईल बरं," तिच्यासाठी मी हे लिहिते. असं म्हणणाऱ्यांसाठीही लिहिते, पण ते वाचायचे नाहीत.

पाठीवरचा फोड

माझं माहेर सोलापूरकडचं, इंग्रजांच्या हद्दीतलं. आमच्या गल्लीत आड होता. वरून पोहरा सोडायचा आणि पाणी ओढायचं. मराठी चौथी झाले आणि लग्न होऊन निजामाच्या मुलखात आले, अणदूरपासून बैलगाडीनं थोडं आत असलेल्या गावात. घर लिंगायतांचं, शेती बरी. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत आणि सासऱ्यांना अप्पा.

गावाला पाणी बारवेचं. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. पायऱ्या उतरत थेट पाण्यात जायचं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायची. पहिल्या दिवशी मी वरून सोडायला दोर मागितला, तर बायका इतक्या हसल्या की पुन्हा मागायची छाती झाली नाही.

जर्मनची लढाई चालू होती, कापड मिळायची मारामार होती. उन्हं तापायला लागली तेव्हा माझ्या उजव्या खांद्याच्या मागं आग सुरू झाली. मग फोड आला. अव्वांनी बघितला आणि म्हणाल्या, "गळू हाय. पिकू दे." जवसाचं पोटीस बांधलं. गळू उतरेना तेव्हा शेजारच्या गावातून डाग देणारा बोलावला. त्यानं विळा तापवला आणि फोडाशेजारी टेकवला. दोन बायकांनी मला धरलं होतं. आज नारवाचा वण शोधावा लागतो. डागाचा वण मात्र आरशाशिवायही बोटांना लागतो. त्या माणसाला वर जेवूखाऊ घालून पाठवलं, याचा मला डागापेक्षा जास्त राग आहे.

दोन-चार दिवसांत अंघोळ करताना फोड फुटला. अव्वा पाठीवर पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "चोळीचं सूत चिकटलंय बग," आणि चिमटीत धरून ओढायला गेल्या. मी किंचाळले. अव्वांनी हात मागं घेतला.

"यव्वा! ह्ये सूत न्हाय. नारू हाय ह्यो."

बाहेरून अप्पांचा आवाज आला, "पाठीला कुटं नारू हुतो का? नारू पायाचा."

त्यांना नारवाची माहिती होती. दर उन्हाळ्यात त्यांच्या पायाला तो निघायचाच. घोट्याभोवती जुने वण होते. आमच्या घरात उन्हाळ्यात आंबे यायचे आणि अप्पांचा नारू यायचा, दोन्हीचं कुणाला नवल नव्हतं. पण सुनेच्या पाठीला निघाला म्हटल्यावर बायकांत कुजबुज सुरू झाली, हिनं मागच्या जन्मी काय केलं असेल म्हणून. अप्पांच्या मागच्या जन्माची चौकशी कुणी कधी केली नव्हती.

हात गया समझो

यांनी गाडी जुंपली आणि मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. 'यांनी' म्हणजे माझ्या नवऱ्यानं. आमच्यात नाव घेत नाहीत, आणि कागदावरही माझ्या हातून ते उतरत नाही.

डॉक्टर हैदराबादकडचे, उर्दू बोलणारे. परक्या पुरुषाला पाठ दाखवायची म्हणून यांनी माझा पदर असा धरला की डॉक्टरांना फक्त फोड दिसावा. डॉक्टर खाली वाकले.

"नारू है. पीठ पे कम निकलता, मगर निकलता है. कंधे के जोड़ से लगके है. पूरा निकला तो ठीक. बीच में टूटा तो हाथ गया समझो."

हे माझ्याकडं वळून म्हणाले, "तुटायला नको म्हणत्यात."

मी सोलापूरची, उर्दू कानावर घेत वाढलेली. मला सगळं समजलं होतं. हात जाईल, एवढंच यांनी गाळलं. मला वाईट वाटू नये म्हणून गाळलं, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एवढंच मनात आलं, की हात माझा आणि त्याची बातमी यांच्यापाशी थांबते. सगळ्या आजारपणात मी घाबरले खूपदा, पण पहिल्यांदा चिडले ती तिथं.

उजवा हात गेलेली सून कुठल्या घराला हवी असते? भाकरी कोण थापणार, दळण कोण दळणार? ती घरात राहते, पण कुठल्या कोपऱ्यात राहते ते मी पाहिलं होतं. खाटेवर बसल्या बसल्या मी डाव्या हातानं पदर नीट करून बघितला. जमला नाही.

काडी

बायकांचा वॉर्ड म्हणजे पत्र्याखालची लांब पडवी. सकाळी झाडू, मग औषध, मग पट्ट्या. पट्टीचं काम सलोमीबाईंकडं. त्या ख्रिस्ती, सोलापूरकडच्या, नवरा वारलेला, आवाज करडा. ओल्या फडक्यानं जागा थंड करायच्या, नारवाचं टोक आगपेटीच्या काडीवर घ्यायच्या आणि हलकेच फिरवायच्या. थोडा आला की म्हणायच्या, "आज देतोय." अडला की लगेच थांबायच्या. "आज देत नाही. राहू दे." मग काडीसकट पट्टी बांधायची आणि उद्याची वाट बघायची. त्या 'देतोय' आणि 'देत नाही'वर माझा सगळा दिवस अवलंबून असे.

हात गळ्यात झोळी करून बांधलेला. चोळी घालता येईना, कारण चोळीची बाही काखेत घट्ट बसते आणि खांदा हलला की पट्टी ओढते. नुसता पदर गुंडाळून बसायची. पत्रा तापला की घाम येई, पदर पट्टीला चिकटे, आणि तो सोडवताना जीव टांगणीला लागे. पडवीतून पुरुषमाणसं जा-ये करायची. मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पाठ कशी झाकावी एवढाच विचार करायची.

एका सकाळी काडी ओढली गेलेली दिसली. सलोमीबाई भडकल्या.

"चोळी विसर आता. पदर पण नको. तुला झंपर पाहिजे. सैल, जाळीचं, उजव्या खांद्यावर उघडणारं."

झंपर म्हणजे मडमांचं आणि मिशनच्या बायकांचं, असं आमच्याकडं समजत. मी म्हटलं, "शिवून द्या एखादं जुन्या लुगड्याचं."

"शिवलेलं घामानं चिकटतं. विणलेलं अंगापासून सुटं राहतं, वारा आत जातो. आणि ते तूच विणायचं. तुझ्या हाताला काम नसलं की तू खांदा हलवतेस, मी बघते."

"या उन्हात लोकर?"

"लोकर कोण म्हणालं? सूत!"

भावाला निरोप धाडला. तो सोलापुराहून गिरणीच्या सुताची लड घेऊन आला. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपायानं ती उलगडून उलगडून बघितली, आत काय दडवलंय म्हणून. सुया मिळेनात, तेव्हा सलोमीबाईंनी सायकलच्या चाकाच्या तारा आणल्या आणि टोकं दगडावर घासून गुळगुळीत केली.

खरं सांगते, ती लड पहिल्यांदा हातात घेववेना. खळ काढायला सूत भिजवलं होतं. ओलं, पांढरं, बारीक. मी ते खाटेखाली सारलं आणि तोंड धुऊन आले. सलोमीबाई सकाळी माझ्या पाठीतून जे काडीवर गुंडाळायच्या, तेच मला दुपारी हातात धरायचं होतं. पुढं सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि आमच्या गावाचं सगळं दुखणं तिथंच आहे.

उलट, सुलट

सूत दुपदरी करून घेतलं. कोपरं अंगाला चिकटवून, हात मांडीवर ठेवून विणायचं. हलायची ती फक्त मनगटं आणि बोटं. खांद्याला पत्ता लागू द्यायचा नाही. टाके घातले. एक सुई सुलट, एक सुई उलट; सुई म्हणजे टाक्यांची एक ओळ. पहिली वीतभर वीण इतकी घट्ट झाली की पाण्याचा पाट अडवायला चालली असती.

सलोमीबाईंनी ती उन्हात धरली. "यातून वारा जाईल? डास तरी जाईल का? सगळा राग सुतावर काढतेस."

"मग कुणावर काढू?"

"ते मला काय माहीत. पण हे उसव."

उसवलं. पुन्हा घातलं. तारा जाड आणि सूत बारीक, म्हणून हात ढिला ठेवला की टाका आपोआप मोकळा बसतो. जाळी पाडायला सोपी: दोरा पुढं घ्यायचा आणि पुढचे दोन टाके एकत्र विणायचे. तिथं भोक पडतं, टाक्यांचा हिशेब मात्र तोच राहतो. दोन सुया साध्या, एक सुई जाळीची. पुढचा एक भाग, पाठीचा एक भाग. गिरणीचं सूत लोकरीसारखं परत आकसत नाही, अंगावर लोंबत जातं. म्हणून लांबी दोन बोटं कमी ठेवायची, हे मला सलोमीबाईंनी दोनदा बजावलं. मुंढे खोल घेतले. डावा खांदा शिवून टाकला. उजवा उघडा ठेवला आणि त्याला त्याच सुताचे गोफ वळून लावले, म्हणजे पट्टीच्या वेळी गाठ सोडली की पाठ मोकळी.

कुणाला करायचं असेल तर एवढ्यावर करता येईल. नारू नसेल तरी करा. उन्हाळ्यात अंगाला असं काही त्याआधी मिळालं नव्हतं, नंतरही मिळालेलं नाही.

ज्या दुपारी ते पहिल्यांदा घातलं, तेव्हा पडवीतून बारीकशी झुळूक आली आणि माझ्या पाठीला लागली. किती दिवसांनी लागली. मी रडले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं दुखतंय. मी म्हटलं, "न्हाई हो, बरं वाटतंय."

नारवाची पायरी

विणकाम चालू होतं तेव्हाच सलोमीबाईंनी एकदा विचारलं, "तुमच्या घरात आणखी कुणाला होतो हा?"

"अप्पांना. दरवर्षी."

"मग ते काय करतात?"

मी सांगितलं. आमच्या बारवेत पाण्याच्या काठाला एक रुंद पायरी आहे. तिला नारवाची पायरी म्हणतात. ज्याला नारू निघाला तो दुपारी तिथं जाऊन बसतो आणि पाय पाण्यात सोडतो. पाण्यात पाय गेला की आग थांबते. वर लिंबाची सावली आहे. अप्पा तंबाखूची चंची घेऊन उन्हं कलेपर्यंत बसतात. वाडवडलांपासून असंच आहे.

सलोमीबाईंचा हात काडीवर थांबला. त्यांनी पट्टी अर्धी ठेवून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. मग कपाळाला हात लावला.

"अरे बाई, पाँव पानी में गया के नारू अपने बच्चे उसमें छोड़ता. वही पानी तुम पीते. साल भर में तुम्हारे बदन से निकलता. ये पीठ का नारू तुम्हारे ससुर के पाँव का है."

मला आधी त्या बोलण्याची किळस आली. मग मागचा उन्हाळा आठवला. अप्पा त्या पायरीवर बसलेले. मी डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. मोठ्या माणसाला आपला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बाजूला व्हायची, त्यांच्या पायाशेजारी घागर बुडवायची आणि ते पाणी घरी नेऊन सगळ्यांच्या तांब्यात ओतायची. पहिला तांब्या अप्पांना, मग यांना, मग बाकीच्यांना. सगळ्यांत शेवटी मी प्यायची. इतक्या मर्यादेनं मी ते दुखणं घरात आणून वाढलं होतं.

त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधीचा राग नुसता चिडचिडीचा होता. या रागाला आता पत्ता मिळाला होता.

पुढच्या बाजारच्या दिवशी हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. 

"अप्पास्नी कोन सांगनार?"

"तुम्ही."

"म्या?"

"मग पायऱ्या बुजवा. वर रहाट बसवा."

"गावची बारव हाय ती. आदी तू बरी हो, मंग बगू."

हे वाईट नव्हते. उपरण्याच्या टोकाला गाठ मारून माझ्यासाठी खजूर आणलेला होता, तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. चांगला माणूस 'मंग बगू' म्हणतो तेव्हा त्याच्याशी भांडताही येत नाही. खजूर मी शेजारणीला दिला.

मांडव

धाकट्या दिराचं, बसप्पाचं, लग्न ठरलं होतं. अप्पा स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आले. "घरात लगीन, आन थोरली सून दवाखान्यात? लोक काय म्हनतील?" नारू निम्म्याहून जास्त निघाला होता, पण अजून आत होता. डॉक्टरांनी नाखुशीनं चार दिवसांची सुटी दिली. सलोमीबाईंनी काडी पक्की बांधली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "झंपर अंगावरून उतरवायचं नाही. चोळी घातलीस तर परत येऊ नकोस."

घरी पोचले तर अव्वांनी हिरवी खणाची चोळी काढून ठेवलेली.

"चार घटका घाल. अक्षता पडल्या की काड."

"तुटंल अव्वा."

"माज्या लगनात मला ताप हुता. घातलीच की म्या."

"माझा हात जाईल."

"आन आमची अब्रू? जाळं पांगरून मांडवात बसनार व्हय? मासळीवानी?"

मी चोळीला हात लावला नाही. झंपरावरून लुगड्याचा पदर घेतला आणि बायकांत जाऊन बसले. गंमत अशी, की ज्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या त्याच एकेक करून जवळ सरकल्या आणि बोटं जाळीत घालून बघायला लागल्या. "लई गार आसंल न्हाय गं?" एक म्हातारी म्हणाली. घामानं तिची चोळी पाठीला चिकटली होती.

लग्नाच्या सकाळी पाणी भरायची घाई. मला काम नव्हतं, पण पाय बारवेकडं वळले. वरच्या पायरीवरून खाली पाहिलं. बायका ओळीनं घागरी भरून काठावर मांडत होत्या. आणि त्यांच्या मधोमध, नारवाच्या पायरीवर, अप्पा. नवं धोतर गुडघ्यावर घेतलेलं, डोक्याला पटका, पाय पाण्यात. दिवसभर मांडवात उभं राहायचं म्हणून आधी पाय गार करून घेत होते.

मी आयुष्यात सासऱ्यांपुढं मान वर केली नव्हती. पण माझा आवाज त्या बारवेत घुमला.

"अप्पा, पाय बाहेर काढा!"

घागरी बुडवणारे हात थांबले. अप्पांनी वर पाहिलं. "कोन बोललं?"

"मी. महादेवी."

"येड लागलं का?"

"तुमच्या पायाचा नारू या पाण्यात उतरतो. तोच माझ्या पाठीतून निघालाय. डॉक्टरनं सांगितलंय. पाय काढा."

"पाय माजा, बारव गावची. तुज्या बापाचं काय जातंय?"

"माझा हात जातोय!"

अप्पा हसले. खरंच हसले, आणि पाय आणखी खोल सोडला.

मग मी खाली उतरले आणि काठावरच्या भरलेल्या घागरी पायानं आणि डाव्या हातानं लोटून दिल्या. एक, दुसरी, तिसरी. पाणी पायऱ्यांवरून धडधडत खाली गेलं. बायका ओरडल्या, मांडवातली माणसं धावून आली. अव्वा धावत आल्या आणि मला मागं ओढायला त्यांनी माझा उजवा खांदाच धरला. सगळा जोर लावून ओढला.

गोफ सुटला. झंपराचा उजवा भाग अव्वांच्या मुठीत गेला आणि माझी पाठ सगळ्या वऱ्हाडासमोर उघडी पडली. पट्टी, पट्टीखालून डोकावणारी काडी, शेजारी विळ्याचा काळा डाग. कुणीतरी "अय्यो" म्हणालं. अव्वांनी हात सोडला. मला लाज वाटायला हवी होती, पण मी फक्त काडी चाचपत होते. ती जागच्या जागी होती.

गर्दीतून हे आले. खांद्यावरचं नवं उपरणं काढून माझ्या पाठीवर टाकलं, भावाच्या लग्नाच्या मांडवापुढून गाडी जुंपली आणि मला दवाखान्यात परत आणलं. वाटेत प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी सावकाश घेतली. 

सलोमीबाईंनी पट्टी सोडली, बघितली आणि खाटेवर बसल्या. "गोफ सुटला म्हणून वाचलीस. चोळीची बाही असती तर नारू आत तुटला असता."

गावात बायकांनी घागरी पुन्हा भरल्या. त्याच बारवेतून. अप्पांच्या त्याच पायाशेजारून. त्या पाण्यात लग्नाचं जेवण झालं.

निघाला

काही दिवसांनी, काडीवर फिरवता फिरवता, नारवाचं शेपूट सुटून आलं. सगळाच्या सगळा. सलोमीबाई पहिल्यांदा हसल्या. "बघायचाय?" मी म्हटलं, "जाळा."

मग हाताचं काम. भिंतीशी उभं राहून बोटं वर चढवायची. जिथवर पोचतील तिथं त्या कोळशानं रेघ मारायच्या. रेघा हळूहळू वर गेल्या. ज्या दिवशी मी उजव्या हातानं डोक्यामागं अंबाडा बांधला, त्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या बायकांना तो वळून वळून दाखवला.

पुढचा उन्हाळा

बसप्पाची बायको नीलव्वा. लग्नात कोवळी पोर होती, मी दवाखान्यातून परतले त्या दिवसापासून मला अक्का म्हणून मागं मागं फिरायची. वर्ष उलटलं, उन्हं तापली आणि तिच्या घोट्यावर फोड आला. मी बघितला आणि महिने मोजले. हे लग्नाचं पाणी होतं. मी तीन घागरी लोटल्या होत्या, तिनं चौथीतलं प्यालं.

फोड फुटला त्या दुपारी ती भिंत धरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

"अक्का, लई आग व्हतीय. मला बारवंवर न्हेता का? अप्पा म्हनत्यात पाय बुडवला की गार वाटतंय."

मी तिच्यावर ओरडले. इतक्या जोरानं ओरडले की ती भिंतीला चिकटली. तिचा काय दोष होता? मग तिला पोटाशी धरलं, ओसरीवर बसवलं, घमेलं पाण्यानं भरलं आणि तिचा पाय त्यात ठेवला. आग थांबली. तेच पाणी, तोच गारवा, फक्त बारवेच्या बाहेर. एवढं साधं होतं ते. माझं झंपर तिच्या अंगात घातलं, हातात तारा आणि सूत दिलं आणि म्हटलं, "दवाखान्याला जाईपर्यंत इथनं उठायचं न्हाई."

त्याच आठवड्यात अप्पांचाही निघाला. मी दुसरं घमेलं भरून ओसरीवर ठेवलं. ते त्याला वळसा घालून बारवेवर गेले. मी मागोमाग गेले आणि वरच्या पायरीवर बसले. पाय पाण्यात गेला की मोठ्यानं म्हणायची, "अप्पा, पाय बाहेर काढा." पाणी भरणाऱ्या बायका ऐकायच्या. पुरुष वाट वाकडी करून बघायला यायचे. अप्पांनी शिव्या दिल्या, यांना बोलावून आणलं. हे आले, माझ्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले. दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथंच होतो. तिसऱ्या दिवशीही.

एका दुपारी अप्पा घरातून निघालेच नाहीत. मी ओसरीवर आले तर ते खांबाला टेकून बसलेले, तोंड रस्त्याकडं, पाय घमेल्यात.

त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. जेवायला वाढलं की ताटाकडं बघून जेवत. गावातले बाकीचे पाय अजून त्या पायरीवर जातात, आणि वरचा रहाट अजून 'मंग बगू'मध्येच आहे. म्हणून आमच्या घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, आणि तुम्हीही पिऊ नका.

पण अप्पा होते तोवर दर उन्हाळ्यात, संध्याकाळी, मी ते घमेलं उचलायची. काठोकाठ भरलेलं, जड. बारवेकडं पाठ करून लांब माळावर न्यायची आणि तापल्या दगडांवर ओतून द्यायची. उजव्या हातानं.